उणे चिन्ह

तांबळाच्या सड्यावर आरसे तीनशे बारा.
मधे मनोरा, त्याच्या माथ्यावर
दुपारी बघवणार नाही असा पांढरा ठिपका.
वर मीठ तापतं, मग पाणी उकळतं, मग चक्र फिरतं,
एवढंच मी पाहुण्यांना सांगतो.
पुढचं त्यांना नको असतं, फोटो हवा असतो.

याआधी मी वाळवंटात होतो.
तिथे काचेवरून धूळ पुसायची.
इथे मीठ.
रात्रभर खारा वारा आरशांवर बसून जातो,
सकाळी बोट फिरवून चाखलं
तर समुद्र किती जवळ आहे ते जिभेला कळतं.
पावसाचे चार महिने सगळे आरसे पालथे,
घासून ठेवलेल्या भांड्यांसारखे.
उरलेले आठ महिने कातळ असा तापतो
की विंचूसुद्धा दगड बदलतात.

एकशे सतरा नंबरचा आरसा रांगेत नाही.
त्याच्या ठरल्या जागी कातळात कोरलेला मासा निघाला,
माणसाहून लांब,
डोळ्याच्या जागी वाटीएवढा खड्डा.
कोणी कोरला, कधी, कुणालाच सांगता येईना.
खांब सात पावलं सरकवला.
नवे आकडे मी हाताने भरले.
जेवायची वेळ झाली होती.
एका आकड्याआधी उणे चिन्ह पडलं,
जास्तीचं.

मग महिनाभर एकशे सतरा
मनोरा सोडून खाडीपलीकडे बघत राहिला,
इमानाने, सूर्यासोबत मान वळवत.
तूट इतकी बारीक
की आम्ही ती मिठाच्या खात्यावर टाकली.
चूक सापडली तेव्हा मी उणे पुसलं
आणि चहा प्यायला गेलो.

तिसऱ्या दिवशी होडीने बाई आली,
सत्यवती कोयंडे, पलीकडच्या काठावरची,
कुंपणाच्या फाटकाला धरून उभी.
"माजा ऊन खंय गेला?"

मला आधी वाटलं, विजेच्या बिलाचं काहीतरी.

तिच्या घरामागे डोंगर. साडेतीनला ऊन संपतं,
लग्न होऊन आली तेव्हापासून संपतं.
या चैत्रात मात्र संपलं नाही.
सकाळभर कुणाच्या ध्यानात येईना,
उन्हात ऊन मिसळलेलं.
सावली उतरली तेव्हा अंगणात
खाटेएवढा उजेड उरलेला दिसला,
चार आण्याचं ऊन,
पण संध्याकाळपर्यंतचं.
त्यात आधी मांजर येऊन झोपलं.
मग तिने मांजर हाकललं आणि कोकमाची सोलं पसरली.
"तुमचो एक आरसो माका बघी होतो.
आता बघणा नाय. सोलां अर्दीच रवली."

तक्रार नव्हती. विनंतीही नव्हती.
वाण्याने माप कमी घातलं तर बोलावं तसं बोलली.

मी तिला आत नेलं. का, ते सांगता येत नाही.
मनोऱ्याकडे तिने एकदाच पाहिलं, डोळ्यांवर हात धरून.
"बंदरातलो दिवो उजेड दिता," म्हणाली,
"तुमचो खाता."
एकशे सतराजवळ थांबली.
आरशात पदर सारखा केला.
मग खाली कातळाकडे बघून सहज म्हणाली,
"ही मोरी."
पुण्याहून आलेल्या तिघांनी
दोन दिवस टेप लावून मोजलं होतं तिला,
आणि कागदावर लिहिलं होतं: जलचर, संभाव्य.

आता पाऊस येईपर्यंत
रोज साडेतीन ते पाच
नोंदवहीत माझ्या अक्षरात असतं:
एकशे सतरा, धुण्यासाठी बाजूला.
एवढ्या वेळात एक आरसा
नऊदा धुऊन होतो.

परवा कचेरीत कागदात बांधलेली आमसुलं आली,
काळी, लवचिक, बोटांना चिकटणारी.
साहेबांनी एक तोंडात टाकलं,
डोळे बारीक केले,
मग नोंदवही उघडून मला विचारलं,
या एकाच आरशावर
एवढं मीठ कसं बसतं?