राखाडी पाठ

बोर्डाची पांढरी बाजू गिऱ्हाइकाची.
राखाडी बाजू आमची.
ती आत जाते, पत्र्याच्या चौकटीकडं तोंड करून उभी राहते,
आणि भिंत पाडेपर्यंत तिला कुणी बघत नाही.

होनग्याच्या शेडात, हायवेच्या अलीकडं,
मी रद्दीचे गठ्ठे फोडते.
वर्तमानपत्रं इकडची नि तिकडची,
सोडवलेले पेपर, बुटांचे खोके,
निपाणीच्या कुठल्या विडी कारखान्याची हजेरी.
गंगव्वाला दोन्ही लिपी येत नाहीत,
तिचा हात सगळ्यात चलाख.
अक्षर नव्हं, म्हणते, टाचणी बघ. लॅमिनेशन बघ.
मी वाचत बसते आणि बोलणी खाते.

हौदात पाणी फिरतं.
आधी शिरोरेषा सुटते,
मग कन्नड अक्षराच्या डोक्यावरचा तुरा,
काना, वेलांटी, कुणाचं तरी आडनाव.
पंधरा मिनिटांत सगळ्याची आंबील.
वर तरंगते ती शाई. कुणाची ते सांगता येत नाही.
फेसासारखी काढून टाकायची.

पोटातलं पीठ दुसरीकडनं येतं.
खाणीतनं नाही, वीजघराच्या चिमणीतनं.
धुराला चुन्याच्या पाण्यानं न्हाऊ घालतात,
खाली जो मळ बसतो, तोच हा जिप्सम.
सिंथेटिक, म्हणाले हेड ऑफिसचे सायब.
म्हंजे खोटा? इरण्णानं विचारलं.
सायबांनी दोन चिमटी दाखवल्या,
ही डोंगराची, ही धुराची.
आम्ही आलटून पालटून बघितल्या. कळलं नाही.
माझ्या आईचं इरकल चार वर्षांत विरलं,
सिंथेटिक पातळ अजून मोरीला पडदा आहे.
हे मी सायबांना सांगितलं नाही.

भट्टीत त्या पिठाचं पाऊण पाणी जाळतात
आणि पट्ट्यावर घेताना परत पाणी पाजतात.
चार मिनिटं.
तेवढ्यात ते आपलं पाणी ओळखतं
आणि दगड होतं.
मधेच लाईट गेली तर घण घेऊन या.

गुरुवारी कॅम्पातल्या पाडलेल्या दवाखान्याचे तुकडे आले.
तेही दळून परत मिसळायचे,
थोडेच, भाजीत मीठ घालावं तेवढे.
मी स्क्रू काढत होते.
एका राखाडी पाठीवर सुताराची पेन्सिल:
सात फूट नऊ. खाली चार फूट सहा.
आकडे कन्नड, जुन्या वळणाचे.
बेरीज अकरा फूट तीन.
शेजारी, का कोण जाणे, एक कासव.

बारा इंच झाले की फूट होतो,
तो हातचा बाबा विसरला होता.
म्हणजे कुठंतरी बोर्ड फूटभर आखूड पडला असणार.
फटीत त्यानं पुठ्ठा, चिंध्या, काय काय कोंबलं असणार,
वरनं लांबी, वरनं रंग,
आणि कितीतरी वर्षं
इंजेक्शनच्या खोलीतलं रडणं
बाहेर बाकावरच्या पोरांना
आधीच ऐकू गेलं असणार.

मी कानामागची पेन्सिल काढली.
अकरा खोडला. बारा लिहिला,
माझ्या शाळेतला, मराठी.
वर हातचा एक, गोल करून.

काय करालीस गे मालनक्का,
इरण्णा ओरडला, बटणावर हात,
पीठच व्हायचंय की त्याचं!

व्हय, म्हटलं. पण चुकीचं नको.

त्यानं बटण दाबलं.
गंगव्वा हसली नाही. तिनं पुढचा गठ्ठा माझ्याकडं सरकवला,
वरच कुणाची तरी लग्नपत्रिका होती,
टाचणीसकट.