माहीत नाही, विचारतोय

सर्व्हर मेला तेव्हा आम्ही खाली चहाला होतो,
बाणेरच्या टपरीवर, क्रीमरोल संपले म्हणून हळहळत.
वर आलो तर ठिपका हिरवाच.
पॅनेलच्या कोपऱ्यात, तिळाएवढा,
शेजारी दोन शब्द : चालू आहे.

पान रिफ्रेश केलं. पांढरं.
पुन्हा केलं. पांढरं.
मागून वैजयंता, आमची टेस्टर, बार्शीची,
म्हणाली, "दिवा लावून, कुलूप घालून गावाला गेलेत बहुतेक."

कोड उघडला.
आठ वर्षांपूर्वी कुणा टिळेकरने लिहिलेला :
सुरू करायचं बटण दाबलं की हिरवा,
थांबवायचं दाबलं की लाल.
बस्स.
मधे प्रोसेस कोसळो, मेमरी संपो,
टर्मिनलमधून कुणी थेट गळा दाबो,
ठिपका आपला सकाळच्या एका होकारावर
दिवसभर हिरवा.
त्याने सर्व्हरला कधी विचारलंच नव्हतं.

मी विचारायला लावलं.
दर पाच सेकंदांनी पोर्टवर टकटक.
ओ दिली तर हिरवा.
नाही दिली तर लगेच लाल नाही,
माणूस मोरीत असू शकतो.
म्हणून तिसरा रंग, राखाडी,
आणि शब्द : माहीत नाही, विचारतोय.

रणधीर सर म्हणाले, "ग्राहकाला 'माहीत नाही' कसं दाखवायचं?
वाईट दिसतं ते."
"खोटं छानच दिसतं, सर," वैजयंता म्हणाली,
आणि चाळीस मिनिटं मीटिंग.
शेवटी राखाडी राहिला, शब्द गेले.
माउस वर नेला तरच दिसतात आता,
तेही सावकाश.

रात्री साडेदहाला निघाले.
लिफ्टवर आकडा दोन. बराच वेळ दोन.
जिन्यातून वॉचमन ओरडला,
"बंद ए ती, मॅडम, दुपारधरनं!"

पार्किंगमध्ये, हेल्मेट हातात, फोन उघडला.
ऑफिसच्या यादीत इरफान मोमीन : हिरवा.
तीन आठवडे हिरवा, रात्रीसुद्धा.
त्यानेच सांगितली होती युक्ती,
कोंढव्याच्या घरी टेबलावर वडिलांचं काट्याचं घड्याळ,
त्यावर माउस.
सेकंदकाटा सरकतो, माउसला वाटतं कुणी हलवतंय,
आणि कंपनीला वाटतं इरफान आहे.
घड्याळाचे मालक ससूनला, वॉर्डात,
इरफान त्यांच्या खाटेशी स्टुलावर.

हे मला ठाऊक होतं.
तरी रोज तो ठिपका बघून
मनात म्हणत आले होते, ठीक असेल.

फोन लावला.
एक रिंग. दोन.
पाच सेकंद थांबले,
मग आणखी पाच.