वीस नंबरचं सूत

येलदींच्या पोरानं मोबाइलवर बघून सांगितलं,
सोलापूर ते ऑकलंड
अकरा हजार नऊशे चाळीस किलोमीटर.
विमानानं तेरा तास वीस मिनिटं.
असं म्हणाला, जणू
होटगी रोडवरून दर तासाला सुटतंय.

राजव्वानं सुपावरची मान वर न करता विचारलं,
एन्त दूरम?
आकडा तिनं ऐकला होता.
तिला लांबी हवी होती.

मी चाळीस वर्षं माग चालवलेला माणूस,
मला लांबी सुतातच कळते.
वीस नंबरची एक लड आठशे चाळीस वार,
अशा वीस लडी म्हणजे पौंड.
पंचांगाच्या मागच्या कोऱ्या पानावर हिशोब मांडला:
साडेतीनशे किलो, थोडं वरच.
सुताची सात पोती.
सात पोती उलगडत नेली की
शेवटचं टोक श्रीलताच्या दारात.

म्हटलं, एवढं सूत तर मी
टॉवेलाच्या मागावर वीस-बावीस दिवसांत संपवायचो.
महिन्याला एक ऑकलंड.
आणि सगळ्या जन्मात
सोलापूर सोडून गेलो कुठं,
तर मेव्हण्याच्या लग्नाला करीमनगर.

पोरगं हसलं. राजव्वा नाही.
म्हणाली, तुमचा धोटा साठ इंच तिकडं जायचा,
की लगेच माघारी.
त्याला काय लांब जाणं म्हणत्यात?

मी गप्प बसलो.
सकाळीच मुंबईहून उतरलो होतो, अंगात अजून बस हलत होती.
त्या तेरा तासांत काय काय नव्हतं.
टेंभुर्णीला चहाला थांबलेली रात्रीची गाडी नव्हती.
वजन जास्त भरलं म्हणून
विमानतळाच्या फरशीवर बसून
बॅगेतून काढलेली शेंगाचटणी नव्हती,
ती, आणि एक चादर, मी परत आणलेली.
सिंगापूरला सात तास काचेला टेकून बसणं नव्हतं.
मुळात सरळ उडणारं विमानच नव्हतं.
पोरगं म्हणालं, काका,
हा नुसता आभाळातला हिशोब.

श्रीलता उंबऱ्याबाहेर पडली त्या रात्रीपासून
राजव्वा विड्या वळत बसलेली.
पान, तंबाखू, दोरा.
जेवायला उठली,
मध्येच भिंतीला टेकून थोडा डोळा लागला,
परत पान, तंबाखू, दोरा.
शेजारणी म्हणाल्या, एवढी कसली घाई?
घाई नव्हतीच.

दुसऱ्या दिवशी रात्री साडेनऊला "पोचले" आलं.
तिथं पहाटेचे चार,
तेही उद्याचे.
राजव्वानं कात्री खाली ठेवली, कट्टे मोजले.
चौऱ्याण्णव.
पंचवीसच्या हिशोबानं दोन हजार तीनशे पन्नास.
मग बोटं चोळत
मला म्हणाली, लिहा.
मी पंचांगात लिहिलं, सात पोत्यांच्या खाली.

सकाळी कारखान्यात माल द्यायला गेली.
कारकुनानं नेहमीसारखी मूठभर छाट काढली,
ढिल्या वळलेल्या.
एरवी एकेका विडीसाठी भांडणारी बाई,
त्या दिवशी शब्द बोलली नाही.
छाटीच्या विड्या पदरात बांधून
विडी घरकुलापर्यंत चालत आली.

ह्या सिंगापूरच्या असतील, म्हणाली.
तेव्हा तिचा फोन लागत नव्हता.