अर्ध्या सुताचा झोल

दस्तगीरच्या वखारीत सगळं किलोवर.
त्याचा काटा कुणाची विचारपूस करत नाही.
पुरातलं एक वॉशिंग मशीन मी उलटं केलं
तर पंचगंगेचा वाळका गाळ पडला,
त्यात बाळाचा एक मोजा.
मोजा परत आत ठेवला.
मोटर तेवढी सोडवून घेतली.
"चालायची नाही ती, ताई."
"नाही चालली तर तुलाच विकीन."

चौदा वर्षं शिरोलीत, कोअर शॉपला.
वाळू कालवायची, पेटीत ठासायची, भाजायची.
कोअर म्हणजे भोकाचं शरीर.
तिच्याभोवती लोखंड ओततात,
गार झालं की हातोडीनं तिला फोडून काढतात.
राहतं ते भोक.
साहेब त्यात टॉर्च मारून बघतो, म्हणतो, छान.
कुणाच्या हातचं, ते भोकावर लिहिलेलं नसतं.

लेथवर बाया नव्हत्या.
डबा खाताना खिडकीतून दिसायचं,
लोखंडाचं साल निघताना,
निळं, वळत वळत, बटाट्याचं निघावं तसं.
भाजी संपायची, मी बघतच बसायची.

म्हणून हे, उचगावात, घरामागच्या पत्र्याखाली.

बेडला उसाच्या ट्रॉलीचे दोन चॅनेल,
घासताना सांध्यातून पाचट निघालं.
पुढं जीपचा हब. दोन बेअरिंगं, त्यातलं एक खडखडतंय.
पुली मात्र घरी ओतली:
रंगाच्या डब्याला आतून चिकणमाती,
लोहाराकडचा जुना भाता,
चार फुटके पिस्टन
आणि सासूबाईंचं बूड गेलेलं जर्मनचं पातेलं.
"माझ्या लग्नातलं हाय ते," त्या म्हणाल्या.
मग बराच वेळ गप्प.
मग, "टाक. गळतंच हुतं."

साचा मी ठासला. मधल्या भोकाची कोअरही मीच केली.
ती फोडताना मात्र
हात जरा थांबला.

सपाटी कशाला लावून बघायची?
बंद पडलेल्या चपलांच्या दुकानाची शोकेसची काच मिळाली.
कपड्यांची निळ तेलात कालवून काचेला फासायची,
चॅनेल टेकवायचा, उचलायचा.
निळं लागलं तिथं उंच. तिथं कानस.
परत टेकवायचा.
असे अकरा रविवार.
मला वाटायचं, सपाट असणं ही साधी गोष्ट असते.

बंडा कोष्टी बघायला आले,
उद्यमनगरात आयुष्य काढलेले टर्नर.
हब हातानं सावकाश फिरवत
कडेला नख टेकवून डोळे मिटले.
"अर्ध्या सुताचा झोल हाय."
माझा चेहरा बघून हसले.
"अगं, त्याच्याकडनंच काढून घ्यायचा.
दुसऱ्या कुठल्या मशीनला जमतंय हे?
हत्यार धर, बसल्या जागी तोंड मार हबचं.
वाकडं हाय ते स्वतःच कापून टाकतंय. घाई करू नकोस फकस्त."

बटण दाबलं.
मोटर नुसती गुणगुणली, जागची हलेना.
पट्टा हातानं ओढला, तशी सुटली
आणि पत्र्याखाली पुराचा वास पसरला.
हत्यार टेकवलं:
कर्र.
काही नाही.
कर्र.
काही नाही.
उंच बाजू तेवढी लागत होती.
अजून एक केसभर पुढं. परत. अजून एक केसभर.
मधली गप्प जागा आखडत गेली,
आणि कितव्या फेरीला कोण जाणे,
आवाज सलग झाला.

साल निघालं. निळं नाही.
राखाडी, तुटकं, नखाएवढं.
चटका बसला तरी तळहातावर धरून ठेवलं.

सासूबाई कधी दारात आल्या कळलं नाही.
त्या हबकडं बघत नव्हत्या, माझ्याकडंही नाही.
पुलीकडं बघत होत्या.
"फिरतंय की," म्हणाल्या.