इतिवृत्त

शाळा व्यवस्थापन समितीची सभा, हिवरवस्ती, ता. आटपाडी.
वेळ दुपारी चार. म्हणजे पावणेपाच.
हजर सात, गैरहजर पाच.
त्यातले दोघे गलाईवाले, एक कोइमतूरला, एक विजयवाड्यात,
चांदी वितळवत असतील आत्ता.

विषय पहिला : संयुक्त अनुदान रुपये दहा हजार, विनियोगाबाबत.
मी फळ्यावर आकडे मांडले.
थकीत वीजबिल चार हजार दोनशे साठ.
खडू, झाडू, फिनेल, हजेरीपट.
उरेल त्यात भिंतीवर फुलपाखरू काढावं,
असं केंद्रप्रमुखांचं म्हणणं.

शालन यमगर तीन सभा बोलली नव्हती.
अध्यक्ष ती.
मीच तिचं नाव सुचवलं होतं,
खरं सांगतो,
कमी बोलणारी बाई म्हणून.

"गुरुजी, ह्ये पैसं कुनाचं?"
साठ टक्के दिल्लीचे, चाळीस मुंबईचे, मी म्हणालो.
"आन आमचं काय त्यात?"
"तुमची सही."
रुक्साना मुलाणी फिस्सकन हसली.
शालननं ते हसणं ओलांडून
वीजबिलं मागितली.

ती वाचत नव्हती, मोजत होती.
संध्याकाळी वाघरीच्या तोंडाशी मेंढरं मोजावीत
तसा एकेक महिना बोटाखालून आत सोडत.
मेपाशी बोट थांबलं.
"मे म्हैन्यात साळंला कुलूप हुतं.
मग दोनशे युनिट कुनी खाल्लं?"

एकोणीस वर्षं नोकरी झाली माझी.
दरवर्षी ते बिल मी फाईलला लावलं,
टाचणी सरळ बसली ना, एवढंच बघून.

बुधवारी ती आटपाडीला वीज कार्यालयात गेली,
मीटरचा फोटो रुक्सानाच्या फोनमध्ये.
साहेब जेवायला गेले होते. ती बसली.
साहेब चहाला गेले. ती बसली.
बिल दुरुस्त होऊन आलं, एकवीसशेनं कमी.

त्या एकवीसशेत मुलींच्या संडासाला दार आलं.
आधी पोतं होतं.
पोतं इतिवृत्तात कधीच आलं नाही.
अहवालात मी लिहायचो, 'स्वच्छतागृह : आहे'.
ते खोटंही नव्हतं.
पत्रा विट्याहून आणला, वेल्डिंग तिच्या दिराचं,
रंग कुणाच्या तरी ट्रॉलीचा उरलेला, लालभडक.
पहिल्या दिवशी मुलींनी रांग लावली,
नुसती आतून कडी घालून बघायला.
शालनची स्वरांजली दोनदा जाऊन आली.

पोषण आहाराच्या चव रजिस्टरात
पालकांच्या रकान्यात वर्षानुवर्षं
'उत्तम', 'उत्तम', 'उत्तम',
सगळे एकाच अक्षरात. माझ्या.
आता तिथं वेगळं अक्षर आहे, ओळीबाहेर जाणारं :
'डाळ पातळ. मीट कमी.'
लाल पेन हातात होतं.
मी ते 'मीट' तसंच ठेवलं.
खिचडीत मात्र मीठ वाढलं.

कार्तिकात मेंढरं खाली उतरली, कृष्णाकाठाला.
पोरगी सासूपाशी ठेवून तीही गेली.

आजची सभा. वेळ चार.
फोन टेबलावर पालथा न घालता, स्पीकर चालू करून.
पलीकडून वारा, कुत्रं, गळ्यातली घुंगरं,
कराडच्या अलीकडचं कुणाचं तरी ऊस तुटलेलं रान.
"गणवेशाचं पैसं आलं का?
दोन जोड म्हनलावता, येकच दिलाय.
आन गुरुजी, बिल बघितलं का ह्या म्हैन्याचं?"
बघितलं, मी म्हणतो. या महिन्यात खरंच बघितलंय.

हजेरीचा रकाना अजून कोरा आहे.
फोनवरून आलेल्या माणसाला काय लिहायचं
हे परिपत्रकात सापडत नाही.
पेनचं टोपण दातात धरून मी बसलोय.
बोलता बोलता ती मधेच
चुकार मेंढराला हाक घालते, लांबलचक, वर चढत जाणारी,
आणि बाहेर खिडकीच्या गजांना लोंबकळलेली स्वरांजली
तीच हाक परत देते.