बिट

उद्यमनगरात, फौंड्रीच्या भिंतीला लागून
दस्तगीरचाचांचं बारा बाय आठचं दुकान.
पलीकडे साचे ठोकायला लागले की
आमच्या बाकावरचे रेझिस्टर शहारतात.

पहिल्या पगारातून मी आणलं
सुईसारखं बिट.
बारीक काम, बारीक टोक,
एवढा हिशेब कुणालाही येतो.

चाचांनी ते उजेडात धरलं.
"कान कोरायला आणलंस व्हय?"

लेथच्या कार्डावर तांब्याची जाड जमीन होती.
टोक टेकलं, कथील वितळेना.
बुंध्यातली धग टोकाशी येईतोवर
मुंगीच्या तोंडातल्या साखरेएवढी उरायची.
मी दाबलं. थांबले. पुन्हा दाबलं.
राळेचा धूर डोळ्यांत,
आणि हिरव्या कातडीवरून तांब्याचा गोल ठिपका
खपलीसारखा उचलून आला.

चाचा ओरडले नाहीत.
शिरोळच्या चौगुल्यांना फोन लावला,
म्हणाले, "उद्या या. माझ्या हातनं चूक झालीया."

मग डब्यातून काढलं
पटाशीसारखं, अडीच मिलिमीटर रुंद.
"टोक बघू नगंस. अंग किती टेकतंय ते बघ.
रुंद असलं की दोन सेकंदांत मोकळी होतीस.
बारीक घेऊन बसलीस
की भाजत बसतीस."

ते मी घरी नेलं, पप्पांना दाखवायला.
पप्पा जातीचे तांबट.
काळं पडलंय म्हणून त्यांनी कानस फिरवली.
त्यांच्या वेळी डाग द्यायचं टोक अख्खं तांब्याचं,
घासलं की नवं.
याच्यावर लोखंडाची पातळ साल होती. गेली.
आत तांबं चमकलं, आणि पप्पा खूश:
"बघ, आतनं आपलंच निघालं."
आठ दिवसांत कथलानं ते खाऊन
खड्डा पाडला.
मी शाहूपुरीतून दुसरं आणलं,
पप्पांना अजून माहीत नाही.

आता खणात पटाशी आहे, एक चाकूसारखं,
एक घोड्याच्या खुरासारखं तिरकं कापलेलं.
काम संपलं की ताजं कथील चढवूनच
बंद करायचं, उघडं निजवायचं नाही.
ही कल्हई मात्र पप्पांना
न सांगता कळली.

सुई टाकून दिली नाही.
गल्लीतल्या बायका प्लास्टिकच्या बादल्या आणतात,
लग्नाच्या पंगतीत बदलू नयेत म्हणून.
मी त्यांवर नावं घालते:
सौ. कलावती, सौ. हिराबाई,
एकीनं नुसतं "माझी" लिहून घेतलं.

काल चाचांनी जेवणाचा डबा पुढं सरकवला.
"माझं बी घाल."
झाकणावर आधीच दोन चरे होते.
"दस्तगीर लिव्ह," म्हणाले,
"अन् शेवटचा र बारीक काढ.
जागा कमी हाय."