ओंडक्याची गाडी

गोल लाकडाला बाजू नसते.
करवतीच्या टेबलावर ठेवलं की ते कूस बदलतं
आणि पातं नेमकं तेव्हाच त्याला चावतं.
शिमग्याच्या आठवड्यात बावतीसचा अंगठा
असाच थोडक्यात वाचला.
पातं तुटलं, पत्र्यावर आपटलं,
भुशात वेटोळं घालून पडलं.
आम्ही चहा प्यायलो, बराच वेळ काही न बोलता.
मग तो म्हणाला, "गाडी कर रे तेका.
गोलाक सोताची वाट नसता."

गाडी म्हणजे काय,
आचऱ्याच्या बंदरात एका ट्रॉलरची केबिन बांधून
उरलेलं मरीन प्लायचं फळकूट, चार फूट लांब.
त्याच्या पोटाला सागाची पट्टी,
टेबलाच्या खाचेत धावेल अशी.
पहिली घट्ट झाली, दुसरी सैल,
तिसरी बसली तेव्हा
पत्त्यांचा जोड मिटल्यासारखा आवाज आला.
तिला मेण चोळलं, इगर्जीतल्या मेणबत्त्यांच्या थुटकांचं;
कशाला हवं ते बावतीसने पाद्रीला सांगितलं नाही.
तेल लावायचं नाही. तेल भुसा धरून ठेवतं.
वर दोन खांब, एक ठाम, एक सरकता,
दोघांतून आत शिरणारे लांब स्क्रू,
ओंडक्याला डोक्याशी नि पायाशी धरायला.
खाली दोन पाचरी.
झालं.
मला चार रविवार लागले.

पहिल्याच फेरीत पातं
गाडीचीच कड कापून काढतं.
जीव हळहळतो,
पण तीच कड पुढे सांगत राहते,
काप कुठून जाणार ते.

इंदुमती मिठबावकरांचा फणस
रस्ता रुंद झाला तेव्हा पडला.
टेम्पोतून तीन तुकडे आले, चिकाने बरबटलेले.
"पाट करा, फळ्या करा, काय ते करा," त्या म्हणाल्या,
"चुलीत घालू नका एवढंच."
आणि आमच्याच स्टुलावर बसून राहिल्या.

लाईट साडेअकराला आली.
इंचाला तीन दात असलेलं रुंद पातं,
ताण बोटाने टिचकी मारून ऐकलेला.
ढकलायचं नसतं, फक्त सोबत चालायचं.
घाई केली की आवाज जाड होतो,
पातं मधल्या मधे पोट काढतं.
हळदीसारखा भुसा बावतीसच्या भुवयांवर बसला.
सालीचा पहिला काप बाजूला कलंडला
आणि खाली
जन्मात पहिल्यांदा त्या झाडाला
एक सपाट बाजू होती.
आता गाडी नको.
स्क्रू सोडले, गाडी भिंतीला टांगली,
ओंडका स्वतःच्या अंगावर टेकून पुढे निघाला.

तिसऱ्या फळीत ठिणगी.
मी बटण दाबलं,
तरी चाकं फिरत राहिली, थांबेचनात.
आत खिळा होता, करंगळीएवढा,
त्याच्याभोवती निळं-काळं पसरलेलं,
शाई सांडावी तसं.
"एरियलची तार," इंदुमतीबाई उठून म्हणाल्या.
"रेडिओ घेतला त्या वर्षी ह्यांनीच ठोकला.
लांबचं स्टेशन लागावं म्हणून.
कधी लागलं नाही. खरखर मात्र उत्तम यायची."
आणि हसल्या, तोंडावर पदर न धरता.

फळ्यांमध्ये काठ्या घालून थप्पी लावली,
टोकांना जुना ऑइलपेंट, चिरू नयेत म्हणून.
इथली हवा लाकडाला लवकर सोडत नाही,
इंचाला वर्ष धरून चाला.
निळ्या डागाच्या फळीवर त्यांनी स्वतः खडूने नाव घातलं.

पाच दात गेले. नवं पातं कुडाळला मिळेल.
त्याचे पैसे बिलात लावले नाहीत.
खरं सांगायचं तर,
अर्धे लावले.